तीस मीटर तांबं

मीटरची सुई १.२ वर स्थिर होती. रेडिओ, केबल आणि अँटेना यांचं एकमेकांशी किती जुळतंय हे सांगणारं माप म्हणजे एसडब्ल्यूआर. १ म्हणजे पूर्ण जुळणी, दीडपर्यंत काळजी नाही, ३ च्या वर गेलं की बोलणं थांबवून आधी दोष शोधायचा. १.२ बघून कुठलाही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, निश्चिंत होतो. मीही झाले होते. तरी दोन संध्याकाळी मी ४३५ मेगाहर्ट्झवर हाका मारत होते आणि पुण्याच्याच दुसऱ्या टोकाला बसलेल्या मित्राला माझा आवाज पोचत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले. केबलचं वरचं टोक अँटेनापासून सुटून पाण्याच्या टाकीच्या कडेला लोंबत होतं. दोन दिवस माझ्या रेडिओला अँटेनाच नव्हता.

मीटर बिघडलेला नव्हता. त्याच्यापर्यंत जे येत होतं ते तो इमानाने दाखवत होता. चूक माझ्या केबलच्या निवडीत होती, आणि ती कशी हे समजून घ्यायला मला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं.

ती केबल होती आरजी-५८. ५ मिलिमीटर जाडीची, काळी, हवी तशी वळणारी, खिशाला परवडणारी. खोलीतल्या टेबलापासून गच्चीवरच्या खांबापर्यंत ३० मीटर. ४३५ मेगाहर्ट्झला एवढ्या लांबीत ती साधारण ११ डेसिबल खाते. डेसिबल हा शब्द दचकवतो, पण हिशोब सोपा आहे: दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी. रेडिओतून ५० वॅट निघाले की वर पोचतात ४. त्या दिवशी वर अँटेना नव्हता, म्हणून ते ४ वॅट उघड्या टोकावरून मागे फिरले. उतरताना पुन्हा तितकाच तोटा, आणि मीटरपाशी पोचला ०.३ वॅट. ५० गेले, परत जवळपास काहीच आलं नाही, म्हणजे सगळं अँटेनाने हवेत सोडलं, असं मीटरच्या जागी कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते केबलच्या अंगात उष्णता होऊन विरलं होतं.

ज्यांनी मला मोर्स शिकवला, परीक्षेला बसवलं आणि व्हीयू३ ने सुरू होणारं हाकनाव मिळाल्यावर पेढे वाटले, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांना फोन केला. म्हटलं, काका, केबल बदलायची आहे, कुठली चांगली? ते म्हणाले, "अगं, नाव नंतर. किती मेगाहर्ट्झ आणि किती मीटर, एवढं सांग आधी."

या लेखात मला जे सांगायचं आहे ते बरंचसं या एका प्रश्नात आहे. आपल्याकडे हौशी रेडिओवाला वर्षभर पैसे साठवून रिग, म्हणजे रेडिओसंच, घेतो, अँटेनासाठी ॲल्युमिनियमचे पाइप स्वतः कापतो, आणि मधल्या तारेपाशी आला की दुकानदार देईल ती गुंडाळी घेऊन घरी येतो. मीही तेच केलं होतं.

कोॲक्सियल केबल कापून पाहिली तर मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती पॉलिथिनचा गोल पांढरट गाभा, त्यावर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी आणि सगळ्यावर आवरण. तार आणि जाळी यांचा अक्ष एकच, म्हणून समाक्ष. रेडिओलहर या दोघींच्या मधल्या जागेतून जाते. प्रवाह तारेच्या बाहेरच्या कातडीतून आणि जाळीच्या आतल्या अंगाने वाहतो, आणि ही कातडी विलक्षण पातळ असते: १०० मेगाहर्ट्झला तांब्यात ७ मायक्रॉनहूनही कमी. माणसाचा केस तिच्या साधारण दहापट जाड भरेल. जाड केबल कमी का खाते याचं उत्तर इथे मिळतं. तार जाड म्हणजे घेर मोठा, म्हणजे त्या कातडीला पसरायला जागा जास्त. फ्रिक्वेन्सी वाढली की कातडी आणखी पातळ होते. चौपट फ्रिक्वेन्सीला हा तोटा डेसिबलमध्ये दुप्पट होतो. प्लास्टिकच्या गाभ्याचा तोटा वेगळा, आणि तो फ्रिक्वेन्सीच्या थेट प्रमाणात चढतो.

ही रचना रेडिओहून जुनी आहे. १८८० साली ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रजाने तिचं पेटंट घेतलं. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला, कानाने अधू, तारखात्यात काम करून पुढचं सगळं स्वतः शिकलेला माणूस. शेजारी शेजारी टाकलेल्या तारांमध्ये एकीचं बोलणं दुसरीत उतरत असे, ते त्याला थांबवायचं होतं. पुढे अमेरिकेत लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल यांनी एकाच केबलमधून शेकडो टेलिफोन संभाषणं नेण्यासाठी तिचा विचार केला. त्यांचं पेटंट १९३१ चं. १९३६ मध्ये बर्लिन ते लाइपझिग अशी कोॲक्सियल लाइन सुरू झाली. मग महायुद्ध आलं, रडार आलं, आणि अमेरिकी सैन्याने केबलींना आरजी अशी अक्षरं लावून क्रमांक दिले. आरजी-८, आरजी-५८, आरजी-२१३ ही नावं तिथली. सैन्याची ती जुनी मानकं मागे पडली, नावं मात्र जगभरच्या बाजारात राहिली. आज तारेच्या आवरणावर आरजी-५८ छापलेलं असलं तरी आतमध्ये काय आहे याची हमी त्या अक्षरांत नाही.

५० ओहम की ७५ ओहम, हा प्रश्न प्रत्येक नवा हॅम विचारतो. गाभ्यात नुसती हवा धरली तर जास्तीत जास्त शक्ती सोसणारी केबल ३० ओहमच्या आसपास निघते आणि कमीत कमी तोट्याची ७७ च्या आसपास. प्रक्षेपणवाल्यांनी दोन्हींच्या मधला ५० धरला. टीव्हीवाल्यांना शक्ती सोसायची नव्हती, फक्त तोटा वाचवायचा होता, म्हणून ते ७५ वर राहिले. आपले सगळे रिग ५० ओहमचे असतात.

माझ्या पिढीने घरात पहिली पाहिली ती दोन्हींपैकी एकही नव्हे. ऐंशीच्या दशकात सिंहगडाच्या मनोऱ्यावरून येणारं दूरदर्शन पकडायला गच्चीवर जो सांगाडा असे, त्यातून घरात यायची ती चपटी, दोन समांतर तारांची पट्टी, ३०० ओहमची. कोरडी असताना तिचा तोटा आजच्या बारीक कोॲक्सहून कमी होता. पण पाऊस पडला की तिच्यावर पाण्याचा थर बसे, लोखंडी गजाला चिकटली की तिची जुळणी बिघडे, आणि पडद्यावर माणसाशेजारी त्याची फिकट सावली दिसू लागे. कोॲक्सचा खरा गुण हाच की तिची सगळी लहर जाळीच्या आत राहते. भिंतीला, पाइपला, लिफ्टच्या खांबाला चिकटवून न्या, तिला फरक पडत नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे. तोच ३० मीटरचा रस्ता, तेच ५० वॅट. ७ मेगाहर्ट्झला, म्हणजे देशभर गप्पा चालतात त्या ४० मीटर बँडवर, आरजी-५८ जेमतेम १.२ डेसिबल खाते. वर ३८ वॅट पोचतात. तिच्या जागी १० मिलिमीटर जाडीची आरजी-२१३ लावली तर ४४-४५ पोचतील. समोरच्याच्या मीटरवर एस-चा एक आकडा ६ डेसिबलचा, त्यामुळे हा फरक त्याला कळणारही नाही. १४५ मेगाहर्ट्झला चित्र पालटतं. आरजी-५८ तीनचतुर्थांश शक्ती गिळते आणि साडेबारा वॅट वर पाठवते, आरजी-२१३ सत्तावीस-अठ्ठावीस, आणि फेसाळ गाभ्याची, जाळीखाली ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली एलएमआर-४०० सुमारे ३५. ४३५ ला अनुक्रमे ४, १७ आणि २७. म्हणजे ज्या केबलने माझी फसगत केली, तीच ४० मीटरच्या डायपोलला, म्हणजे ताणलेल्या तारेच्या अँटेनाला, शोभून दिसली असती, किंबहुना तिथे मी तीच लावा म्हणेन. आरजी-२१३ चं १०० मीटरचं भेंडोळं १५ किलोच्या आसपास भरतं. डायपोलच्या मध्यावर तिचे चार-साडेचार किलो लटकले की तार पोटात खाली येते आणि उंचीचा सगळा फायदा जातो.

इथे गावोगाव मिळणाऱ्या एका केबलबद्दल बोललं पाहिजे, कारण तिच्याकडे हॅम मंडळी उगाच नाक मुरडतात. डिश टीव्हीची आरजी-६. जाडी ७ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी, गाभा फेसाळ, ७५ ओहमची. चांगल्या प्रतीची असेल तर १४५ मेगाहर्ट्झला तिचा तोटा जवळपास तिप्पट वजनाच्या आरजी-२१३ एवढाच असतो. अवकाशस्थानक डोक्यावरून जाताना १४५.८ मेगाहर्ट्झवर अंतराळवीरांचा आवाज ऐकायचा आहे, घरी बनवलेला छोटा अँटेना आहे, खिशात विद्यार्थ्याचे पैसे आहेत, तर आरजी-५८ सोडून हीच घ्यावी. प्रक्षेपणालाही चालते, मात्र ५० ओहमच्या अँटेनाला जोडली तर केबलच्या लांबीनुसार मीटर सव्वादोनपर्यंत चढू शकतो. आणखी दोन अडचणी आहेत. तिची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची, तिला सोल्डर धरत नाही, दाबून बसवायचा कनेक्टरच लागतो. आणि मधली तार बहुतेक वेळा पोलादाची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली. वरच्या फ्रिक्वेन्सीला प्रवाह मुलाम्यातच राहतो, त्यामुळे बिघडत नाही. साडेतीन-सात मेगाहर्ट्झला कातडी जाड होते, मुलामा अपुरा पडू लागतो आणि तोटा वाढतो.

पोलादावरून बाजाराचा विषय निघतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे केबल हातात घेऊन निवडता येते, आणि ती तशीच निवडावी. मी पर्समध्ये एक लहान लोहचुंबक ठेवते. ५० ओहमच्या म्हणून दिलेल्या केबलची मधली तार चुंबकाला चिकटली तर ती ७ मेगाहर्ट्झसाठी घेऊ नये. नंतर ब्लेडने तार खरवडायची. वरून रुपेरी आणि आत लालसर निघाली तर तांब्यावर कल्हई आहे, ठीक. आतही रुपेरीच निघाली तर ॲल्युमिनियम. एका दुकानातून मी घेतलेल्या गुंडाळीवर नाव आरजी-५८ होतं, आणि आवरण सोलल्यावर जाळीच्या तारा इतक्या विरळ की पांढरा गाभा सगळीकडून दिसत होता. चांगल्या जाळीतून गाभा जवळजवळ दिसत नाही. ९५ टक्के झाकलेला असतो. विरळ जाळीतून आपलं प्रक्षेपण गळतं हे एक, पण मला जास्त त्रास उलट्या वाटेचा झाला: खालच्या मजल्यांवरच्या एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा खरखराट माझ्या केबलमध्ये शिरून थेट कानात येत होता. दुकानात इंचभर सोलून दाखवायला जो नाही म्हणतो, त्याच्याकडून केबल घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

तोटा किती होतो इतकंच तो कुठे होतो हेही महत्त्वाचं, हे मला खोडदला कळलं. तिथे मी दोनदा गेले आहे, दोन्ही वेळा राष्ट्रीय विज्ञान दिनाला, जेव्हा तिथली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, सर्वांना पाहता येते. नारायणगावपासून जवळ, द्राक्षबागांच्या मुलखात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी एक किलोमीटरच्या परिसरात आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या, टोकाटोकांत २५ किलोमीटरपर्यंत अंतर. गोविंद स्वरूप यांनी तिची कल्पना केली आणि ती इथे उभी केली. लोक तबकडीच्या आकाराकडे मान वर करून बघत होते. मी शोधत होते वरून खाली येणारी तार.

तिथे जे ऐकायचं असतं ते इतकं क्षीण असतं की आपल्या गच्चीवरचा कुठलाही सिग्नल त्यापुढे गर्जना ठरावा. खालून दिसणाऱ्या त्या जाळीदार तबकडीच्या नाभीत, वर, जिथे सगळ्या लहरी एकत्र येतात, तिथेच पहिला ॲम्प्लिफायर बसवलेला आहे. सिग्नल आधी वाढवायचा, मग कोॲक्सवरून तबकडीच्या पायथ्याशी उतरवायचा, आणि तिथून पुढे मुख्य इमारतीपर्यंत लेझरवर चढवून प्रकाशतंतूने न्यायचा. कोॲक्सने २५ किलोमीटरच्या टोकापासून तो आणायचा म्हटलं तर वाटेत पावलोपावली ॲम्प्लिफायर उभे करावे लागले असते. हा क्रम असाच का, याचं गणित बेल प्रयोगशाळेतल्या हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ मध्ये मांडलं: पहिल्या ॲम्प्लिफायरच्या आधी जो तोटा होतो तो तितकाच गोंगाट होऊन कायमचा सिग्नलला चिकटतो; नंतर कितीही वाढवा, सिग्नलबरोबर गोंगाटही वाढतो. पहिल्या ॲम्प्लिफायरनंतरच्या केबलचा तोटा मात्र फारसा जाणवत नाही. खोडदहून परतताना मी मनातल्या मनात माझ्या ३० मीटरांचा हिशोब पुन्हा मांडला. माझा पहिला ॲम्प्लिफायर रिगच्या पोटात होता, केबलच्या खालच्या टोकाला, ११ डेसिबलच्या पलीकडे. मी बोलते ते कुणाला ऐकू जात नाही एवढंच नव्हतं. मलाही कितीतरी जण ऐकू आलेच नसणार.

पाण्याबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण आपल्याकडे केबली तोट्याने जितक्या वाया जात नाहीत तितक्या पावसाने जातात. देवगडला माझ्या माहेरच्या घरावर १४५ मेगाहर्ट्झचा एक साधा अँटेना आहे. पहिल्या खेपेला भावाने केबलवर साध्या इन्सुलेशन टेपचे चार वेढे दिले होते. दोन पावसाळ्यांनंतर कनेक्टर उघडला तर जाळी मोराच्या पिसासारखी हिरवी. आवरण सोलत गेलो तर हिरवेपणा हात-दीडहात आतपर्यंत गेलेला. विणलेली जाळी वातीसारखी पाणी ओढते. खारं वारं असेल तर काम आणखी लवकर होतं. सगळ्यात वाईट म्हणजे मल्टिमीटर लावला तर केबल ठणठणीत दाखवतो: तार जोडलेली, शॉर्ट कुठे नाही. पण काळवंडलेल्या जाळीत त्या पातळ कातडीला वाट उरत नाही आणि तोटा वाढत जातो. त्यामुळे एसडब्ल्यूआर सुधारल्यासारखा दिसतो. दरवर्षी पावसाळ्यानंतर तुमचा एसडब्ल्यूआर आपोआप चांगला होत असेल तर आनंद मानू नका, केबल तपासा.

पीएल-२५९ हा आपला नेहमीचा कनेक्टर १९३० च्या दशकातला आहे आणि तो जलरोधक नाही. एन-टाइपला आत रबरी वलय असतं, ४३५ ला तोच लावावा. पण टेप दोघांनाही हवा. आधी स्वतःशीच एकजीव होणारा ताणायचा रबरी टेप, त्यावर चांगला पीव्हीसी. गुंडाळायची दिशा खालून वर. कौलं वळचणीकडून आढ्याकडे चढवत नेतात, तसा प्रत्येक वरचा वेढा खालच्यावर आला पाहिजे, म्हणजे पाणी फटीत न शिरता ओघळून जातं. केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला बाहेर खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे थेंब तिथून सुटतात, भिंतीत येत नाहीत. आवरण काळं घ्यायचं, उन्हात तेच टिकतं. आणि वर फिरणारा अँटेना असेल तर रोटेटरपाशी एलएमआर-४०० लावू नये. तिची मधली तार अखंड आहे, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. रोजच्या पिळवटीने ती मोडते. तेवढ्या दोन मीटरना अनेक पदरी तारेची आरजी-२१३ लावून सैल वेटोळं ठेवावं.

तोटा घरी मोजता येतो, आणि ज्या गोष्टीने माझी दिशाभूल केली तीच इथे कामाला येते. केबलचं लांबचं टोक मुद्दाम उघडं ठेवायचं आणि खालून नॅनोव्हीएनए हे छोटं मोजयंत्र लावून परत येणारा सिग्नल किती डेसिबल खाली आहे ते वाचायचं. सिग्नल गेला आणि आला, दोन खेपा झाल्या, म्हणून आकडा निम्मा करायचा. तो तुमच्या केबलचा तोटा. माझ्या जुन्या आरजी-५८ ने ४३५ ला २६ दाखवले, म्हणजे एकेरी १३. वहीतल्या हिशोबापेक्षा २ डेसिबल जास्त, तिच्या वयाचे आणि पावसाचे. नॅनोव्हीएनए तळहातावर मावतो, आणि एखाद्या गटाने मिळून एक घेतला तरी सगळ्यांच्या गच्च्या तपासून होतात.

मी शेवटी काय केलं ते सांगते. एलएमआर-४०० च्या ३० मीटरचा भाव काढला आणि काकांचा दुसरा प्रश्न आठवला: किती मीटर? जिन्याच्या माथ्यावर सोसायटीची एक रिकामी खोली आहे. पदाधिकाऱ्यांशी रीतसर बोलून तिथे एक कोपरा मिळवला आणि टेबल वर हलवलं. ३० मीटरचे ९ झाले. साधी, वळणारी, सोल्डर धरणारी आरजी-२१३ लावली. ९ मीटरमध्ये ती ४३५ ला १.४ डेसिबल खाते. जिथे ४ वॅट पोचत होते तिथे आता ३६ पोचतात, आणि ऐकू येण्यातही तितकाच फरक पडला आहे. शहराच्या त्या टोकाचा मित्र पहिल्या हाकेला उत्तर देतो.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा पावसाळा नुकताच सरलेला असेल. घराच्या साफसफाईत एक सकाळ गच्चीसाठी काढा. रेडिओ बंद करा, वर जा, अँटेनापाशी कनेक्टर उघडा. तांबं लाल असेल तर नवा टेप खालून वर गुंडाळा. हिरवं किंवा काळं असेल तर हातभर कापा आणि पुन्हा बघा. तिथेही काळं असेल तर ती केबल काढून टाका.